शेतातल्या चर्चची किल्ली

३, ॲबी लेन, ऑल्डरफर्ड, डॉर्सेट
बुधवार, १० मे १९७८

मिसेस एंटविसल यांस,

आपली ओळख नाही असंच म्हणायला हवं. गेल्या शनिवारी, सहा तारखेला, माझ्या मागच्या दाराशी दोन मिनिटं भेट झाली तेवढीच. आपण आणि आपले यजमान नेदर कूमचं शेतातलं जुनं चर्च पाहायला आला होतात. ‘किल्ली ॲबी लेन, घर क्रमांक ३ इथे मिळेल’ अशी पाटी त्या दारावर आहे, ते घर माझं. मी चादरी वाळत घालत होते, तोंडात चिमटे होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. किल्ली यजमानांच्या हातात दिली आणि म्हटलं, परत आलात की दाराशेजारच्या खिळ्याला अडकवा. निदान असं म्हटल्याचं मला आठवतं.

खिळ्याला किल्ली नाही. मी कुणाला दोष देत नाही, चूक बहुधा माझीच असेल. वाऱ्याने पडली म्हणावं, तर ती वीतभर लांब आहे आणि इस्त्रीइतकी जड. वाऱ्याला त्यासाठी बरंच मनावर घ्यावं लागलं असतं. आपण ती दुसरीकडे कुठे ठेवली असल्यास, आणि सहज आठवल्यास, एक ओळ लिहावी. घाई नाही. मात्र किल्ली एकच आहे. दुसरी माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी नदीत पडली.

चर्चमधल्या वहीत पाहुणे नाव-पत्ता लिहितात आणि मी संध्याकाळी झाडलोट करायला जाते तेव्हा ते माझ्या वहीत उतरवून घेते. त्या दिवशी आपण निघालात तेव्हा मी चर्चच्या मागे फुलांच्या बरण्या धूत होते. दार यजमानांनी लावलं, पत्ता तेवढा मी, आपण बाहेर थडगी पाहत होतात तेव्हा, आधीच उतरवला होता.

हे पत्र कापणीच्या उत्सवाच्या जुन्या पत्रकामागे लिहिलं आहे, त्याबद्दल क्षमा असावी. कागद चांगला होता.

आपली,
(श्रीमती) एनिड पोकॉक

—

१४, ब्रिक रो, क्लेग्सवर्थ, लँकेशायर
शनिवार, १३ मे १९७८

मिसेस पोकॉक यांस,

तुमचं पत्र वाचून माझी न्याहारी ताटात तशीच राहिली. वॉल्टरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, किल्ली त्या खिळ्याला स्वतःच्या हाताने अडकवली. मी डोळ्यांनी पाहिलं. तरीही मोटारीच्या गाद्या उचलून बघितल्या, डब्यांची टोपली उलटी केली, त्याच्या कोटाचे खिसे झटकले. आठ टॉफ्या, एक पेन्सिल आणि तुमच्या मठाच्या अवशेषांचं तिकीट निघालं. किल्ली नाही.

गाव मात्र तुमचं छान आहे. मठाच्या मोडक्या कमानीखाली मेंढ्या रवंथ करत बसलेल्या मला फार आवडल्या. असं वाटलं, साधू गेले आणि जागा ह्यांच्या नावावर करून गेले. टेकडीवरच्या किल्ल्याच्या पायऱ्या वॉल्टर न थांबता चढला, मीच तीनदा थांबले. माल वाहणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेल्या जुन्या पुलावर त्याने दगडांच्या फटीत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, “हिल्डा, हे बांधणाऱ्याला चुन्याची कंजुषी नव्हती.” चहाच्या दुकानाला मात्र होती कंजुषी, लोण्याची. दोघांत एवढीशी वाटी. आमच्याकडे मांजराला त्याहून जास्त मिळतं.

तुमची किल्ली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेली असेल. आम्ही मिलमधली माणसं आहोत, पण दुसऱ्याची वस्तू उचलणारी नाही.

हिल्डा एंटविसल

—

ऑल्डरफर्ड
बुधवार, १७ मे १९७८

मिसेस एंटविसल यांस,

पत्र पोचलं. कृपा करून मनाला लावून घेऊ नका. आपण पाहिलंत म्हणता, तेव्हा पाहिलंच असणार. माझा रोख तसा नव्हता आणि तसा वाटला असेल तर ती माझ्या लिहिण्यातली खोट समजावी.

विषय इथेच संपवला असता, पण एक गोष्ट आपल्याला कळावी असं वाटतं. नेदर कूमचं गाव सहाशे वर्षांपूर्वी साथीत उठलं, चर्च तेवढं उरलं. तिथे वर्षातून एकदाच उपासना होते, सेंट जॉनच्या दिवशी, चोवीस जूनला. यंदा त्या दिवशी बिशपांच्या कचेरीतून मोठे पाद्री येणार आहेत. चर्च ठेवायचं की कायमचं बंद करून विकायचं, हे ते बघून ठरवणार. लंडनच्या कुणा गृहस्थाला म्हणे त्यात राहायचं आहे. जिथे वेदी आहे तिथे तो स्वयंपाकघर करणार.

आमच्या तरुण पाद्रींना, श्री. मॉस यांना, किल्ली हरवल्याचं मी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे चार चर्चेस आहेत आणि एक छोटी मोटार, जी कधी कधी ढकलावी लागते. ते आधीच मला म्हणाले आहेत, “मिसेस पोकॉक, ह्या वयात कशाला तुम्हाला किल्लीचा त्रास? कचेरीत ठेवू.” मी म्हटलं, “कचेरी अठरा मैलांवर आहे, मिस्टर मॉस. चर्च बघायला आलेला माणूस अठरा मैल किल्लीसाठी जाईल, तर तो चर्च बघायला नाही, किल्ली बघायला आला असं होईल.” ते हसले, पण त्यांनी विचार सोडलेला नाही.

मी खोटं बोललेले नाही. ह्या आठवड्यात सात माणसं आली, त्यांना मी “आज चर्च उघडता येणार नाही” एवढंच सांगितलं. ते खरंच आहे. तरी रविवारी प्रार्थनेत ते सात जण डोळ्यांपुढे येतात.

आपली,
एनिड पोकॉक

—

क्लेग्सवर्थ
रविवार, ४ जून १९७८

मिसेस पोकॉक,

अडीच आठवडे मी तुम्हाला पत्र लिहिते आहे आणि चुलीत टाकते आहे. हे टाकणार नाही.

किल्ली आमच्याकडे आहे.

आधी हे सांगते: वॉल्टरने ती खिळ्याला लावताना मी पाहिलं, ते खोटं होतं. मी मोटारीत पायातला बूट काढून बसले होते. त्याला विचारलं, “किल्ली ठेवलीस?” तो म्हणाला, “झालं गं काम.” मी त्यावर विश्वास ठेवला, कारण चाळीस वर्षं ठेवत आले. पण ह्या वर्षीपासून तसा ठेवता येत नाही आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या मुलीलासुद्धा अर्धंच सांगितलंय. तो विसरतो. नावं, दिवस, चूल पेटती आहे की विझली. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल. आम्ही १९३८ साली लग्नानंतर तीन दिवस ऑल्डरफर्डला आलो होतो. म्हणून मी म्हटलं, त्याला कळतंय तोवर सगळं पुन्हा एकदा बघून येऊ. मठ, किल्ला, पूल, आणि तुमचं चर्च. त्याला पूल आठवला. मला वाटतं मीही आठवले.

परवा मागच्या खोपटात गेले. तो अख्खा महिना तिथे जाऊन बसत होता आणि मला वाटायचं, नुसता बसतोय. बघते तर पकडीत तुमची किल्ली, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, आणि शेजारी दुसरी, अर्धी घासलेली. अगदी तशीच. तो मिलमध्ये एकेचाळीस वर्षं फिटर होता, कुलपं-किल्ल्या त्याच्याकडेच यायच्या.

मी म्हटलं, “वॉल्टर, ही कुठली?”

“कुलूप थकलंय गं त्याचं. किल्लीचे दात झिजलेत. जोर लावून लावून एक दिवस आतच तुटेल.”

“कुणाचं कुलूप?”

त्याला सांगता येईना. मग चिडला. “मी सांगितलंय त्यांना. लिहून दिलंय.”

त्याने कुणाला काही लिहून दिलेलं नाही, मिसेस पोकॉक. आता तो असंच काहीबाही सांगतो. मी किल्ली उचलायला गेले तर त्याने माझा हात धरला. रागाने नाही. मुलाच्या हातातून काही काढून घेताना ते धरतं तसा.

तुम्ही म्हणाल तर किल्ली उद्या रजिस्टर पोस्टाने पाठवते. ती तुमची आहे आणि तुमचं तिच्यावर काय अडलंय ते मला माहीत आहे. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यापासून तो शिटी वाजवत नव्हता, आता वाजवतो. त्याला ती पुरी करू द्याल का? तेवीस तारखेच्या आत मी दोन्ही घेऊन येते. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. फक्त कुणाला तो चोर आहे असं सांगू नका.

हिल्डा

—

ऑल्डरफर्ड
बुधवार, ७ जून १९७८

मिसेस एंटविसल,

तुमचं पत्र सकाळी आलं. मला राग आला हे लपवत नाही. मी कपाटं आवरली, जिना घासला, आणि तरीही गेला नाही तेव्हा गुडघे टेकले. त्यानंतर हे लिहिते आहे.

किल्ली पाठवू नका. वॉल्टर यांना काम पुरं करू द्या.

हे मोठ्या मनाने लिहिते आहे असं समजू नका, मला धास्ती आहे. मला ती किल्ली सासूबाईंनी १९४७ साली, लग्न झालं त्याच आठवड्यात दिली. म्हणाल्या, “लेनर्डला सांभाळलं नाहीस तरी चालेल, तो मोठा आहे. हिला सांभाळ.” लेनर्ड जाऊन नऊ वर्षं झाली. मूल नाही. आता माझ्या दारावर टकटक होते ती किल्ली मागणाऱ्याचीच. बाकी पोस्टमन आहे, पण तो फटीतून टाकून जातो. किल्ली कचेरीत गेली की माझं दार कुणी वाजवणार नाही. हे मी श्री. मॉस यांना सांगितलेलं नाही. चर्चचा प्रश्न चर्चचाच राहिला पाहिजे.

आता तुमच्या यजमानांच्या “लिहून दिलंय” ह्याबद्दल. चर्चच्या वहीत तीन रकाने आहेत: नाव, पत्ता, अभिप्राय. मी नाव आणि पत्ता उतरवते, वर्षाअखेरीस मोजते. १९५१ साली चारशे बारा माणसं होती, गेल्या वर्षी एकशे त्रेसष्ट. हाच आकडा मोठे पाद्री मागणार आणि तो आमच्या विरुद्ध आहे. अभिप्रायाचा रकाना मी एकतीस वर्षांत कधी वाचलेला नाही. सासूबाईंची शिस्त होती: “स्तुती देवाची असते. आपण तिचा वास घेत बसू नये.” तेव्हा यजमानांनी तिथे काही लिहिलं असलं तर मला माहीत नाही. आणि बघायचं म्हटलं तर वही चर्चमध्ये आहे, कुलपाच्या आत.

पण भरलेल्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत, चादरींच्या कपाटात. आज दुपारी एक काढली. सासूबाईंची क्षमा मागून तिसरा रकाना वाचायला घेतला. चहाचं पाणी आटून गेलं.

मला एनिड म्हटलंत तर चालेल.

एनिड पोकॉक

—

क्लेग्सवर्थ
रविवार, ११ जून १९७८

प्रिय एनिड,

मी हिल्डा. लँकेशायरमध्ये आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, पण आमची सुरुवात जरा वाकडी झाली.

तुमचं पत्र मी वॉल्टरला वाचून दाखवलं, मधलं तुमचं खासगी सोडून. तो म्हणाला, “शहाणी बाई आहे. तिला विचार, कुलपात किल्लीच्या भोकाची आतली कड किती झिजलीय.” मी म्हटलं, “तिला काय कळणार?” तो म्हणाला, “तुला भाकरी भाजल्याचं कसं कळतं? बघून.” मग तुम्हाला पाठवायला एक कागद दिला. त्याला भोकाचा ठसा हवाय. कागद कुलपावर दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, लोक चर्चमधल्या पितळी पाट्यांचे ठसे घेतात तसा. दार उन्हाळ्यात फुगतं का तेही कळवा. किल्ली फिरवताना दार आत ढकलावं लागतं की बाहेर ओढावं लागतं?

मंगळवार वाईट गेला. सकाळी त्याने मला विचारलं, “बाई, तुम्ही इथे कामाला आहात का?” मी म्हटलं, “हो, चाळीस वर्षं, आणि एक सुट्टी नाही.” तो हसला, म्हणजे थट्टा कळली, माणूस नाही कळलं. दुपारी खोपटात गेला आणि कानस धरली तशी नेमकी जिथे सोडली होती तिथेच टेकवली. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. मी दारात बटाटे सोलत बसते आणि बघते.

तेवीसला आगगाडीने येतो, मोटार आता मी त्याला चालवू देत नाही. मे महिन्यात उतरलो होतो त्याच बाईंकडे खोली सांगितली आहे. लोणी ह्या वेळी मी घरून आणणार.

तुमची,
हिल्डा

ता. क. तुमचं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवलेलं आहे हे माझ्या लक्षात आलंय. आतल्या बाजूला कुणा गवळ्याचं बिल आहे. मी कुणाला सांगणार नाही.

—

ऑल्डरफर्ड
गुरुवार, १५ जून १९७८

प्रिय हिल्डा,

ठसा सोबत आहे. दार पावसाळी हवेत फुगतं. किल्ली फिरवताना खांदा लावून आत ढकलावं लागतं, सासूबाईही तसंच करायच्या. आमच्या दोघींचाही उजवा खांदा दुखायचा, हे आत्ता लिहिताना सुचलं.

ठसा घेताना मी दाराशी गुडघे टेकून बसले होते. मागून आवाज आला, “मिसेस पोकॉक, प्रार्थना आत जाऊन करायची असते.” श्री. मॉस. सायकलवरून आले होते, मोटार बिघडलेली. हातात पेन्सिल, नाकाला शिसं. मला लपवायला काही उरलं नव्हतं. सगळं सांगितलं.

ते दगडावर बसले. “म्हणजे गेले पाच आठवडे हे चर्च कुणालाच उघडता आलेलं नाही?”

“नाही.”

“आणि किल्ली लँकेशायरमध्ये, एका विसरभोळ्या माणसाच्या खोपटात?”

“दोन किल्ल्या, मिस्टर मॉस. दीड म्हणा.”

“आणि ते आलेच नाहीत तर?”

“येतील.”

“कशावरून?”

“त्यांनी वहीत पूर्ण पत्ता लिहिला आहे, घराच्या क्रमांकासकट. चोर घराचा क्रमांक लिहीत नाही.”

त्यांनी पँटला लागलेलं गवत झटकलं. मग म्हणाले, “मला हे कचेरीला कळवायला हवं.” मी म्हटलं, “कळवा. तुमचं ते कर्तव्यच आहे. पण सोमवारी कळवा, तोवर माझं वाचून होऊ दे.” आणि त्यांना घरी आणून वह्या दाखवल्या. ते उभे राहून वाचू लागले, मग बसले. माझी चहाची पूड दोनदा गेली. जाताना म्हणाले, “सोमवारी मला बाप्तिस्मे आहेत. कळवायला वेळ होईल असं दिसत नाही.”

तुम्हाला त्यातलं थोडं लिहिते. १९४९, एका माणसाचं: “युद्धावर जाताना इथल्या बाईंनी किल्ली दिली आणि चहाही. परत आलो. चहा तसाच पातळ.” पहिला चहा सासूबाईंचा, दुसरा माझा. एका लहान अक्षरातलं: “मासा छान आहे. संताचे पाय फार मोठे आहेत.” तुम्हाला तो भिंतीवरचा संत क्रिस्टोफर आठवत असेल, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा, पायाशी मासे. १९६२: “पाऊस आला म्हणून शिरलो. पाऊस थांबला, तरी निघालो नाही.”

आणि १९५३ मधलं, मार्चमधलं. “बाळाला आज पुरलं. ह्या भिंतीवर त्याला खांद्यावर घेतलेलं पाहिलं. आता घरी जाता येईल.” नाव नाही, पत्ता नाही. मला तो दिवस आठवतो का, म्हणून मी डोकं धरून बसले. मीच किल्ली दिली असणार. मीच ती परत घेतली असणार, आणि बहुतेक हवेबद्दल काहीतरी बोलले असेन. नाव नव्हतं म्हणून मी त्या माणसाला मोजलंसुद्धा नाही.

नाव न लिहिता नुसता अभिप्राय लिहून गेलेले असे किती, ते आता मोजते आहे.

तुमची,
एनिड

—

ऑल्डरफर्ड
शनिवार, १ जुलै १९७८

प्रिय हिल्डा,

तुम्ही रविवारी गेलात तेव्हा स्टेशनवर बोलणं राहूनच गेलं, आणि मी अशा वेळी आगगाडीच्या वक्तशीरपणाबद्दल बोलते. म्हणून आता लिहिते. काही गोष्टी तुला दिसल्या नसतील, कारण तू दारापाशी वॉल्टरचा कोट धरून त्याच्याकडेच बघत होतीस आणि मी बाकीच्यांकडे.

मोठे पाद्री घड्याळ बघत होते. श्री. मॉस दोनदा म्हणाले, “आता उघडेलच.” सगळा गाव गवतात उभा, पावसाने दार फुगलेलं. वॉल्टर किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, संपलं. त्याला कळत नाही आपण कुठे आहोत. मी खांदा लावायला पुढे झाले. त्याने मला हाताने मागे केलं आणि म्हणाला, “ढकलू नका, बाई. ढकलूनच त्याची ही दशा झाली.” आणि दार स्वतःकडे किंचित ओढलं आणि दोन बोटांनी किल्ली फिरवली. एकतीस वर्षं मी त्या कुलपाशी कुस्ती खेळले. त्याने दोन बोटांनी, जसं कुणी पुस्तकाचं पान उलटावं. मोठ्या पाद्रींनी घड्याळ खिशात टाकलं ते त्या वेळी.

उपासनेनंतर बाजूच्या खोलीत बैठक झाली तेव्हा तुम्ही दोघं संताच्या चित्रापुढे बसला होतात. मोठ्या पाद्रींनी आकडा विचारला. मी सांगितला, एकशे त्रेसष्ट. त्यांनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखी, म्हणजे निर्णय झालाच होता. मी म्हटलं, “हा आकडा चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे. मी फक्त नावं मोजली.” मग वह्या उघडल्या. गेल्या एका वर्षात नाव न लिहिता गेलेले तीनशे चार निघाले, पण मी ते शेवटी सांगितलं. आधी वाचलं. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, पण वाचता येतं, शाळेत मला त्याचं बक्षीस होतं. मार्च १९५३ वाचून झालं. शेवटच्या बाकावरून म्हातारे मिस्टर डॅगवर्दी उठले, ते वरच्या वाडीतले, चर्चला कधी न येणारे. म्हणाले, “ते मी लिहिलंय,” आणि पुन्हा बसले. पंचवीस वर्षं हा माणूस मला बाजारात भेटतो. आम्ही हवेबद्दल बोलतो.

मग मी चालू वही घेतली, जी सात आठवडे आत होती. ६ मे उघडलं. मी आधी वाचलेलं नव्हतं, सगळ्यांसमोरच पहिल्यांदा वाचलं. ते तुला बघायला मिळालं नाही, म्हणून इथे जसंच्या तसं उतरवते, तिसऱ्या रकान्यासकट:

“वॉल्टर एंटविसल, फिटर. १४, ब्रिक रो, क्लेग्सवर्थ. कुलूप चांगलं आहे पण थकलंय. किल्ली नेतो, नवी करून दोन्ही परत आणतो. काळजी नसावी.”

त्याने सांगितलं होतं, हिल्डा. लिहून दिलं होतं, रीतसर, पत्त्यासकट. तो विसरला नव्हता. मी वाचलं नव्हतं.

निर्णय काल आला. चर्च विकायचं नाही. पाच वर्षांनी पुन्हा बघतील. किल्ली घर क्रमांक ३ इथेच. श्री. मॉस स्वतः सांगायला आले आणि त्यांनी माझं दार वाजवलं, फटीतून काही टाकलं नाही.

नवी किल्ली इतकी हलकी फिरते की आता मी सकाळीच दार उघडते आणि संध्याकाळी लावते. दिवसभर उघडं. मला वाटलं होतं, मग माझ्याकडे कुणी येणार नाही. पण मिस्टर डॅगवर्दी रोज कुलूप लावायच्या वेळी येतात आणि दार ओढून धरतात. हवेबद्दल बोलतो. आता त्यात पुष्कळ असतं.

जुनी किल्ली सोबतच्या पार्सलमध्ये आहे. बैठकीला विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. ती वॉल्टरची. पार्सलचा कागद नवा आहे, ह्याची नोंद घ्यावी.

तुझी,
एनिड

—

क्लेग्सवर्थ
शनिवार, ८ जुलै १९७८

प्रिय एनिड,

नवा कागद पाहून मी शेजारणीला बोलावून दाखवला.

तुझं पत्र मी त्याला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी म्हणाला, “मी सांगितलंच होतं.” दुसऱ्या वेळी म्हणाला, “हा फिटर कोण, चांगला माणूस दिसतो.” मी म्हटलं, “आहे. जरा हट्टी आहे.” तुझ्या हातची ती ओळ मी कापून आरशाच्या कोपऱ्यात लावली आहे. मला त्याची माफी मागायची होती. त्याला कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्याने दिली.

आमच्या मुलीला मी सगळं सांगितलं, ह्या वेळी अर्धं नाही. ती दर बुधवारी येणार आहे, म्हणजे मला बाजारात जाता येईल. सप्टेंबरात ती आम्हाला मोटारीने ऑल्डरफर्डला आणणार म्हणते. तुझ्या चहाची पूड मी आणते, तुझ्यावर विश्वास नाही.

किल्ली मागच्या दाराशेजारी खिळ्याला टांगली आहे. खिळा त्यानेच ठोकला. रोज सकाळी चहा पिताना तो तिच्याकडे बघतो आणि विचारतो, “ही कुठली गं?”

मी सांगते, “एका चर्चची.”

तो थोडा विचार करतो. “मग ती इथे कशी? लोकांना आत कसं जाता येत असेल?”

“दार उघडंच आहे, वॉल्टर.”

“नक्की?”

“नक्की.”

मग तो निवांत चहा पितो. हे मी त्याला रोज सांगते, एनिड, आणि माझ्या दिवसात ते एकच वाक्य असं आहे की जे सांगताना मला विचार करावा लागत नाही. तेवढं खरं ठेव. पावसातसुद्धा.

तुझी,
हिल्डा